घडी घातलेला पेपर

बादल कुणाला तरी चावला ही बातमी सुमेधा साटमला सोमवारी सकाळी कळली, आणि कळली तीही दुधाच्या बूथवर, चारचौघांत. "तुमच्याकडं शिकलेला कुत्रा ना तो, मॅडम? सोनकांबळ्यांच्या म्हाताऱ्याचा हात फोडला की त्यानं!" दूधवाल्याने हे इतक्या उत्साहात सांगितलं की रांगेतल्या बायका दूध विसरून सुमेधाकडेच बघायला लागल्या. शहाण्णव साल होतं. नेरूळमध्ये तेव्हा इमारतींपेक्षा मोकळे प्लॉट जास्त, आणि कुत्री शिकवून पोट भरणारी बाई तर अख्ख्या वस्तीत एकच. तिचाच कुत्रा चावला म्हटल्यावर लोकांची आठवडाभराची सोय झाली.

सुमेधाने दुधाची पिशवी घेतलीच नाही. ती तशीच सोनकांबळ्यांच्या सोसायटीकडे निघाली. वाटेत कोण काय बोललं तिच्या कानात शिरलं नाही. गेल्याच महिन्यात बादलचा पट्टा तिने स्वतःच्या हाताने संघमित्रा सोनकांबळेच्या हातात दिला होता, एवढंच तिला आठवत होतं.

हा पट्टा देण्याचा एक सोहळाच असे. सारसोळ्याच्या पलीकडे, खाडीच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर विलास केळुसकरांचं ट्रेनिंगचं मैदान होतं. केळुसकर म्हणजे सगळ्यांचे विलास सर. मालकाने कुत्रा तिथे आणून सोडायचा आणि कोर्स संपेपर्यंत तोंड दाखवायचं नाही, हा सरांचा कडक नियम. लळा आडवा येतो, म्हणत. मग एका रविवारी सगळे मालक बायकामुलांसकट जमत, कुत्री बस म्हटलं की बसत, लोळ म्हटलं की लोळत, हात मिळवत, कड्यातून उड्या मारत. टाळ्या पडत. शेवटी नारळ फुटे, पेढे वाटले जात आणि पट्टा मालकाच्या हातात जाई. त्या वेळी एक वाक्य बोलायची पद्धत होती, आणि ते सर सुमेधाला बोलायला लावत. बाईमाणसाने सांगितलं की घरातल्या बायकांचा विश्वास बसतो, असा त्यांचा हिशेब. "घरात लहान मूल असो, म्हातारं माणूस असो, बिनधास्त ठेवा." सुमेधा हे वाक्य मनापासून बोलायची. तिला ते खरंच वाटायचं, त्याला ती तरी काय करणार?

दार संघमित्राने उघडलं. बेलापूरच्या ऑफिसातून तिने रजा घेतली होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं बाजूला होऊन आत यायला वाट दिली आणि म्हणाली, "या. तुम्हीच म्हणाला होतात ना, बिनधास्त ठेवा?"

पायांतल्या चपला काढायलाही सुमेधाला वेळ लागला.

संघमित्राचे वडील सिताराम खाटेवर टेकून बसले होते. मनगटाला जाड बँडेज. नांदेडकडचे, आयुष्यभर शाळेत शिपाई म्हणून काढलेले, आता लेकीकडे आलेले. इथे त्यांना बोलायला कोणी नव्हतं, म्हणून संघमित्राने बादल आणला होता. आतून, बाथरूमच्या बंद दारामागून, बादलचं बारीक आवाजात कण्हणं ऐकू येत होतं.

"शनिवारी मीटिंग आहे," संघमित्रा म्हणाली. "सेक्रेटरी म्हणतात, डॉक्टरला बोलवा, इंजेक्शन द्या, विषय संपवा. मी काय बोलू? सोसायटीत आमचं घर नवीन. काही लोक अजून आमच्या घरचं पाणीसुद्धा विचार करून पितात. त्यात आता हे."

"मी काय केलो नाही माय त्याला," सिताराम सुमेधाला म्हणाले. आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "रोजच्यावानी बसलो होतो. माझ्या हातची भाकर खातंय ते लेकरू. कामून केलं असंल?"

"बघू या, आबा," सुमेधा म्हणाली, आणि तिने बाथरूमचं दार उघडलं.

बादल बाहेर आला तो शेपूट पोटाशी घेऊन. अंगापिंडाने भरलेला अल्सेशियन, पण त्या दिवशी ओल्या पोत्यासारखा दिसत होता. सुमेधाने त्याचे कान पाहिले, दात पाहिले, पाठीवरून पोटावरून हात फिरवला. कुठे दुखत नव्हतं. तिने झाडू उचलून पाहिला, सितारामांची काठी उगारून पाहिली, ताटली आपटली, मोठ्याने ओरडली. बादल कान हलवून तिच्याकडे बघत राहिला, जणू ह्या बाईला आज काय झालंय. मग तिने सितारामांना विचारलं, "तुम्ही नेमकं काय करत होता, आबा? अगदी सगळं सांगा."

"पेपर वाचलो. वाचून झाला. माशी लई त्रास देऊ लागली, म्हणून घडी करून टीपॉयवर हानलो एकदा. माशीला. त्याला नाही."

पेपर अजून टीपॉयवरच पडला होता. सुमेधाने तो उचलला, उभी घडी घातली, मग आणखी एक, आणि काखेत धरावा तसा हातात धरला.

बादल जमिनीला चिकटला. ओठ वर गेले, दात दिसले, डोळे पांढरे झाले, आणि त्याच वेळी त्याच्याखालून फरशीवर ओघळ आला. गुरगुरत होता की रडत होता तेच कळेना. सुमेधाने पेपर टाकून दिला. अशी उभी घडी घालून पेपर काखेत मारणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता, आणि त्या माणसाला ती गुरू मानत होती.

विलास सरांच्या काखेतला पेपर मैदानावर सगळ्यांच्या ओळखीचा होता. साहेबांना वाचनाचा नाद, असं मालक कौतुकाने म्हणत. सुमेधालाही कधी वावगं वाटलं नव्हतं. साधी शिकवणी ती घेई, बिस्किटं देऊन, चुचकारून, पुन्हा पुन्हा करून घेऊन. जे कुत्रं हट्टी निघे त्याला सर शेवटी आपल्याकडे घेत आणि पत्र्याच्या शेडच्या मागे नेत. त्याला ते फिनिशिंग म्हणत. तिकडे कोणी फिरकायचं नाही, सुमेधानेसुद्धा नाही. कुत्रं परत येई ते असं सुतासारखं सरळ होऊन की बघत राहावं. सुमेधा बघतच राहिली होती. कधी विचारलं मात्र नव्हतं, आणि आता रस्त्याने चालताना त्याचीच तिला जास्त शरम वाटत होती.

सर शेडमध्ये चहा पीत बसले होते. समोर टेबलावर पेपर. सुमेधाने नमस्कार-चमत्कार न करता तो उचलला. पेपराच्या मानाने तो भलताच जड होता. घडी सोडली तर आत बागेच्या पाइपचा तुकडा निघाला, वाळूने भरलेला, दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद केलेला.

"ठेव ते," सर म्हणाले.

"बादल ह्याला घाबरून चावला, सर."

"माहितीये मला चावला ते. अर्ध्या नेरूळला माहितीये." त्यांनी कप खाली ठेवला. "बस. डोकं शांत कर. एका तरी कुत्र्याचं हाड मोडलंय का आजपर्यंत? एकाच्या तरी अंगावर वळ दिसलाय? ह्याला हात लागतो, सुमेधा. लोकांना दोन महिन्यांत रिझल्ट पाहिजे. तुझ्या त्या बिस्किटांनी वर्ष लागतं."

"मग वर्ष लागतं असं सांगायचं होतं लोकांना."

"आणि धंदा कुणी केला असता? तुझ्या घरची चूल कशावर पेटते?"

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला लागलं. कणकवलीहून आईला घेऊन आली तेव्हा कुत्र्यांची कामं बाईला कोण देणार म्हणून सगळ्यांनी तिला हाकललं होतं. सरांनी एका शब्दाने पट्टा हातात दिला होता. कुत्र्याच्या डोळ्यांत थेट बघू नये, त्याच्या अंगावर वाकू नये, जेवताना मध्ये येऊ नये, हे सगळं त्यांनीच शिकवलं होतं. असा माणूस शेडच्या मागे जाऊन हे करतो, हे तिला अजून पटत नव्हतं, आणि पाइप तर हातात होता.

सरांचा आवाज मऊ झाला. "हे बघ, टेन्शन घेऊ नकोस. कळंबोलीच्या लोखंडवाल्याशी बोललोय मी. तो बादलला यार्डात नेतो. साखळीला बांधून ठेवील, चावरा असला तर त्याला बराच. म्हाताऱ्याला आपण एक पिल्लू देऊ. तिकडच्या व्यापाऱ्यांचं सगळं काम आपल्याकडे यायच्या बेतात आहे. आत्ता बोंबाबोंब नको."

कळंबोलीचं लोखंडाचं मार्केट सुमेधाने पाहिलं होतं. उन्हात तापलेल्या सळ्या, रात्रंदिवस ट्रक, आणि प्रत्येक फाटकाशी हातभर साखळीला बांधलेलं भुंकून घोगरं झालेलं एक जनावर. सितारामांच्या हातची भाकरी खाणारा बादल तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिचा निश्चय तिथेच झाला.

"सर, शनिवारी सोसायटीच्या मीटिंगला या. काय केलं ते तुमच्या तोंडाने सांगा. बादलची चूक नाही एवढं तरी सांगा."

"नाही आलो तर?"

"तर मी सांगेन."

सर हसले. "सांग ना. लोक पहिला प्रश्न काय विचारतील? पट्टा कुणी दिला?"

"मी दिला. तेच आधी सांगणार आहे."

ती शेडबाहेर पडली ती परत त्या मैदानावर कामाला गेली नाही. घरी आईने विचारलं तर म्हणाली, "नोकरी सोडली." आईने कपाळाला हात लावला आणि मग मुकाट्याने ताट वाढलं.

शनिवारी संध्याकाळी इमारतीखाली, खांबांमधल्या पार्किंगमध्ये, स्कूटर बाजूला सारून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सोसायटीच्या मीटिंगला एरवी कोरम होत नसे. त्या दिवशी बसायला जागा नव्हती. बादलला कोपऱ्यातल्या खांबाला बांधलं होतं, तोंडाला जाळी. त्याच्याजवळ खाली सतरंजीवर सिताराम बसले होते, आणि बँडेजचा हात त्याच्या पाठीवर होता.

विलास सर आले होते. सेक्रेटरी सुभाष मोकल ह्यांनीच त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. इस्त्रीचा सफारी, काख रिकामी. त्यांनी पाच मिनिटं फार सुंदर भाषण केलं. जनावराच्या रक्तातच दोष असला तर ट्रेनर काय करणार, ही दुर्दैवी गोष्ट आहे, पण आपली जबाबदारी म्हणून आपण ह्या कुत्र्याची कळंबोलीला सोय करतो, परिवाराला एक पिल्लू भेट देतो. लोकांनी माना डोलावल्या. मोकल म्हणाले, "एकदम बरोबर. मारायचं पाप नको आणि सोसायटीत टेन्शनपन नको. आमी तयार हाव."

"मला बोलायचंय," सुमेधा उठली.

"तुमी कोन? सरांच्या असिस्टंट ना?"

"होते. बादलचा पट्टा मी दिला होता. बिनधास्त ठेवा, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायचं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. आबांच्या हाताला टाके पडले ते आमच्यामुळे. बादलमुळे नाही."

कुजबुज सुरू झाली. सर खुर्चीत मागे रेलून हसत होते. सुमेधा सितारामांकडे वळली. "आबा, आजचा पेपर द्या."

त्यांनी बाजूचा पेपर दिला. तिने उभी घडी घातली, आणखी एक घातली, आणि सरळ विलास सरांसमोर जाऊन त्यांच्यापुढे धरला. "सर, हा नुसता हातात घ्या. एक शब्द बोलू नका. बाकी काही नको."

"हा काय पोरखेळ?"

"नुसता पेपर आहे, सर. आत काही नाही."

सगळे बघत होते. पेपर हातात न घेणं हे घेण्यापेक्षा जास्त वाईट दिसलं असतं, एवढं त्या हुशार माणसाला कळत होतं. ते हसतच उठले, पेपर घेतला, आणि सवयीने काखेत मारला.

बादल खांबापाशी उभा राहिला होता तो एकदम बसला. ताठ, छाती पुढे. मग आडवा झाला. लोळला. पुन्हा बसला आणि एक पाय उचलून समोर धरला. कोणी हात पुढे केला नव्हता. पाय तसाच हवेत धरून तो पेपराकडे बघत राहिला. मग पुन्हा आडवा झाला, पुन्हा लोळला. मैदानावरच्या रविवारचा सगळा खेळ तो एकट्याने, कोणी काही न सांगता, त्याच क्रमाने करत होता.

मागे कोणीतरी टाळी वाजवली. "वा! काय शिकलाय!" एक-दोघे हसलेही. मग बादलच्या पायाखालून पाण्याचा ओघळ सिमेंटवरून खुर्च्यांकडे यायला लागला, आणि तो त्या ओल्यातच लोळला, उठला, पाय पुढे धरला, आणि थरथरत राहिला. टाळी वाजवणाऱ्याचे हात तसेच राहिले. एका बाईने तोंडाला पदर लावला.

"ठेवा तो पेपर खाली!" सिताराम ओरडले. त्या थकल्या माणसाचा एवढा मोठा आवाज निघेल असं कोणाला वाटलं नव्हतं. "बस करा! किती नाचवतो लेकराला!"

सरांनी पेपर खुर्चीवर टाकला. ते काहीतरी बोलले, शिस्त म्हणाले, बायकांचं रडगाणं म्हणाले, पण ऐकायला कोणी राहिलं नव्हतं. सिताराम सतरंजीवरून खांबाला धरून उभे राहिले. "चावा मला घेतलाय. टाके मला पडले. म्हणून म्या सांगतो, कुत्रं कुठं जाणार नाही. आता बोला, कोण काय म्हणतो."

मोकलांनी रुमालाने मान पुसली. मग ते सुमेधाकडे बघून म्हणाले, "पन जबाबदारी कोनाची? उद्या परत चावला तर?"

"माझी," सुमेधा म्हणाली. "बाहेर नेताना जाळी लावीन. रोज मी येईन. पेपर दिसल्यावरही बादल आबांच्या मांडीवर डोकं ठेवील त्या दिवशी जाळी काढू. आणि किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. खोटा आकडा मी सांगणार नाही."

गोष्टीत असतं तसं सगळं लगेच सरळ झालं नाही, हे सांगितलंच पाहिजे. विलास सरांचं मैदान चालूच राहिलं. कळंबोलीचं कामही त्यांना मिळालं. उलट सुमेधाबद्दलच नेरूळभर झालं की ही बाई खाल्ल्या ताटात माती कालवते. तिच्याकडे नवीन कुत्री यायला पावसाळा उलटावा लागला, आणि आली तेव्हा तिचा नियम ऐकूनच अर्धे लोक परत गेले. नियम असा होता की मालकाने रोज समोर बसायचं. नजरेआड काही शिकवलं जाणार नाही.

रोज सकाळी मात्र ती सोनकांबळ्यांकडे जाई. सिताराम पेपर जमिनीवर उलगडून पसरत, त्यावर भाकरीचे तुकडे ठेवत आणि बातम्या मोठ्याने वाचत. बादल आधी दारातून बघायचा. मग कपाटाच्या कोपऱ्यापर्यंत यायला लागला. मग एक पंजा पेपराच्या कडेवर. त्या पंजाचा संघमित्राला एवढा आनंद झाला की त्या दिवशी ती ऑफिसला उशिरा गेली.

पण सुमेधाचं काम तेवढ्याने संपत नव्हतं, आणि ते तिला त्या मीटिंगमध्ये उभं असतानाच कळलं होतं. बिनधास्त ठेवा हे वाक्य तिने काही एकाच घराला दिलं नव्हतं. ज्या ज्या हातात तिने पट्टा दिला होता ते सगळे हात तिला आठवत होते. ती एकेक घर शोधत निघाली. कोणी दार लावून घेतलं. कोणी म्हणालं, मॅडम, धंद्यातलं भांडण आमच्या घरात कशाला? ती ऐकून घेई आणि पुढच्या घरी जाई.

अशीच ती एका रविवारी मनालीकडे गेली. मनाली नव्या लग्नाची होती तेव्हा तिने एक पांढरं पॉमेरेनियन आणलं होतं, चिंगी नावाचं. मुठीएवढं भांडखोर पिल्लू. थोडे दिवस सरांच्या शेडमागे जाऊन आलं आणि रविवारी मैदानावर असं काही नाचलं की सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. सुमेधाला त्या चिंगीचा फार अभिमान होता. आता मनालीच्या कडेवर एक रांगतं पोर होतं.

"अय्या, सुमेधाताई! या ना. चिंगी, बघ कोण आलंय!"

चिंगी धावत आली, गोल गोल फिरली, सुमेधाचे पाय चाटले. सुमेधाचा जीव भांड्यात पडला. निदान ही तरी, तिला वाटलं. तेवढ्यात दाराच्या फटीतून पेपरवाल्याने पेपर आत सरकवला.

चिंगी दिसेनाशी झाली. सोफ्याखाली, अगदी भिंतीला टेकून, दोन डोळे तेवढे चमकत होते.

मनाली खळखळून हसली. "रोजचं आहे हो तिचं. पेपर आला की अशी लपते, दुपारपर्यंत बाहेर येत नाही. पाहुणे आले ना, की आम्ही मुद्दाम दाखवतो. इतकी मजा येते!" कडेवरचं पोरही टाळ्या पिटून हसायला लागलं.

सुमेधाने पेपर उचलला आणि दाराबाहेर ठेवला. मग ती सोफ्यापासून जरा लांब, पाठ वळवून, फरशीवर बसली.

"खाली कशाला बसलात? चहा टाकते."

"चहा नको, मनाली. बाळाला घेऊन इथे माझ्याजवळ बस," सुमेधा म्हणाली. "चिंगीचा पट्टा तुझ्या हातात देताना मी जे बोलले होते, ते परत घ्यायला आलेय."

मनालीचं हसू थांबलं. सोफ्याखालून काहीच आवाज नव्हता. सुमेधाने पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला, न बघता मागे सरकवला, आणि ती वाट बघत बसली.